रॉड धरून की रॉड सोडून: हौशी भारोत्तोलकांच्या विक्रमांची तुलना

तालमीत बळाची तुलना आकड्यांवर सोपवण्याची गरज फारशी कधी पडली नाही. कोणी किती जोर मारले आणि किती बैठका काढल्या हे पठ्ठे एकमेकांना अभिमानाने सांगत असत आणि वस्तादही ते ध्यानात ठेवत असत. पण ती दमाची आणि नेटाची मोजणी होती, आणि दोघांत सरस कोण हा प्रश्न उरलाच तर तो हौद्यात उतरून निकालात काढता येत असे. जेजुरीच्या मर्दानी दसऱ्याला सुमारे ४२ किलो वजनाचा खंडा एका हाताने तोलून धरण्याची जी चढाओढ होते, तिचा निकाल कुस्तीने नव्हे तर वेळेने लागतो. तरीही खंडा एकच, गड एकच आणि पाहणारे लोकही तेच असल्यामुळे कोणाचा हात किती वेळ टिकला याविषयी दुमत व्हायला फारशी जागा राहत नाही. बारबेलने, म्हणजे दोन्ही टोकांना चकत्या चढवलेल्या लोखंडी दांड्याने, व्यायाम करणाऱ्या हौशी माणसाची स्थिती याहून मुळातच निराळी आहे. त्याचा प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर कधी उभा राहत नाही. तो दुसऱ्या व्यायामशाळेत, दुसऱ्या दांड्यावर, दुसऱ्या दिवशी वजन उचलतो, आणि दोघांची गाठ पडते ती केवळ एका आकड्याच्या मध्यस्थीने. व्यायामशाळांतून या आकड्याला 'पीआर' म्हणतात. पीआर म्हणजे एखाद्या प्रकारात त्या व्यक्तीने आजवर एकदा का होईना पण उचललेले सर्वाधिक वजन. बेंच प्रेसमध्ये पाठीवर निजून दांडा छातीवरून वर ढकलायचा असतो, स्क्वॉटमध्ये तो खांद्यांवर घेऊन बसून उठायचे असते, डेडलिफ्टमध्ये तो जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभे राहायचे असते. आणि या तिन्हींचे पीआर हौशी मंडळी पगाराच्या आकड्यापेक्षा अधिक मोकळेपणाने, आणि कदाचित तितक्याच काळजीपूर्वक वाढवून, सांगत असतात.

एखाद्या व्यायामशाळेत बरीच वर्षे प्रशिक्षकाचे काम केलेल्या माणसाकडे अशा आकड्यांची एक नोंदवही साठत जाते, आणि तिच्यात नवीन नाव लिहिताना त्याला जो पहिला प्रश्न विचारावा लागतो तो वरवर पाहता अगदी क्षुल्लक असतो: सांगितलेले वजन रॉड धरून की रॉड सोडून? ऑलिंपिक मापाचा पुरुषांचा दांडा २० किलो वजनाचा, २.२० मीटर लांबीचा आणि पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाडीचा असतो; स्त्रियांचा दांडा १५ किलोंचा, २.०१ मीटरचा आणि २५ मिलिमीटरचा. पण गल्लीबोळांतल्या व्यायामशाळांत पाच, सहा किंवा सात फुटी रॉड असतात, त्यांतले काही पोकळ तर काही भरीव असतात, आणि त्यांचे वजन सात-आठ किलोंपासून वीस किलोंपर्यंत काहीही निघू शकते. काही जण रॉडचे वजन धरतच नाहीत आणि दोन्ही बाजूंच्या चकत्यांचीच बेरीज सांगतात. काही जण समोर दिसेल तो रॉड वीस किलोंचा मानून मोकळे होतात. काही जण एका बाजूचेच वजन सांगतात, आणि ऐकणाऱ्याने ते दुप्पट करायचे आहे हे सांगणाऱ्याने गृहीत धरलेले असते. 'बेंचला ऐंशी' एवढेच ऐकून घेतले तर त्यामागे ८० किलो, ९० किलो किंवा १०० किलो यांपैकी काहीही असू शकते. तिघेही आपापल्या हिशेबाने खरेच बोलत असतात, त्यामुळे खोटेपणाचा संशय घेण्याआधी हा हिशेब विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

रॉडचा उलगडा झाला की चकत्यांचा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाच्या नियमांनुसार पाच किलोंहून जड चकतीचे वजन लिहिलेल्या वजनापेक्षा ०.१ टक्क्याहून अधिक जास्त किंवा ०.०५ टक्क्याहून अधिक कमी असता कामा नये, म्हणजे २० किलोंच्या चकतीत फार तर २० ग्रॅमची वाढ किंवा १० ग्रॅमची घट खपते. ओतीव लोखंडाच्या स्वस्त चकत्यांना असले बंधन नसते. साच्यातून निघालेली, दोनदा रंग दिलेली आणि कडेला टवका उडालेली चकती धान्याच्या दुकानातल्या मोठ्या तराजूवर ठेवली, तर तिच्यावर कोरलेला आकडा आणि काट्याने दाखवलेला आकडा यांत शंभर-दोनशे ग्रॅमचा नव्हे, तर त्याहून बराच मोठा फरक निघू शकतो, आणि एकाच जोडीतल्या दोन चकत्याही एकमेकींशी जुळत नाहीत. अशा चार-सहा चकत्या चढवल्या की 'शंभर' हा शब्द एका विशिष्ट वजनाचा न राहता एका पट्ट्याचा होतो. स्पर्धेत चकत्या जागेवर घट्ट धरून ठेवण्यासाठी दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलोंच्या कॉलर लावल्या जातात आणि त्यांचे पाच किलो एकूण वजनात मोजले जातात. व्यायामशाळेत त्यांच्या जागी तारेची हलकी स्प्रिंग असते, किंवा तीही नसते.

अमेरिकेत राहणारे मराठी तरुण सुटीत घरी येऊन इथल्या मित्रांबरोबर व्यायाम करतात तेव्हा या गोंधळात पौंडांची भर पडते, पण त्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसू लागते. तिकडचा दांडा ४५ पौंडांचा, मोठी चकतीही ४५ पौंडांची. म्हणून प्रत्येक बाजूला दोन चकत्या चढवल्या की २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो होतात, तीन चढवल्या की ३१५ पौंड, म्हणजे जवळजवळ १४३ किलो. तिकडच्या हौशी मंडळींचे पीआर २२५ आणि ३१५ या आकड्यांवर दाटीने जमलेले असतात, तर इकडच्यांचे १०० आणि १४० वर. स्नायूंना गोल आकड्यांचे ज्ञान नसते. ९७ किलो उचलू शकणाऱ्याने ९७ किलो लावून पाहिलेलेच नसतात, तो ९५ वर समाधान मानतो किंवा १०० साठी दोन महिने थांबतो. अशा पायऱ्यांवर उभ्या असलेल्या दोन माणसांत एका पायरीचा फरक दिसला म्हणून त्यांच्या ताकदीतही तेवढाच फरक आहे असे धरणे धाडसाचे आहे.

आता वजन बिनचूक तोलले गेले असे समजले, तरी ते उचलले म्हणजे नेमके काय केले हे ठरायचे बाकी राहते. पॉवरलिफ्टिंग या स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांच्या स्पर्धात्मक खेळात, त्याच्या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, याची उत्तरे बारकाईने लिहून ठेवली आहेत. स्क्वॉटमध्ये कमरेच्या सांध्यापाशी मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकाहून खाली गेला पाहिजे. बेंच प्रेसमध्ये दांडा छातीवर येऊन स्थिर झाल्यावर पंचाने आज्ञा दिल्यानंतरच तो वर ढकलता येतो. डेडलिफ्टमध्ये ताठ उभे राहिल्यावर दांडा हातांत धरूनच खाली आणावा लागतो, सोडून देता येत नाही. तीन पंच असतात आणि त्यांपैकी दोघांनी पांढरा दिवा दिला तरच तो प्रयत्न धरला जातो. हौशी व्यायामशाळेत हे तिन्ही पंच गैरहजर असतात, त्यांच्या जागी फक्त मित्र असतात. स्क्वॉटमध्ये गुडघे जेमतेम वाकवून वर येणाऱ्याला, मांडी पूर्ण खाली नेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वजन पेलते, कारण बसण्यातला सर्वांत कठीण भाग त्याने गाठलेलाच नसतो. बेंच प्रेसमध्ये दांडा छातीवर आपटून त्या उसळीचा फायदा घेणारा आणि तो तिथे क्षणभर थांबवणारा, हे दोघे वस्तुतः दोन वेगळे व्यायाम करत असतात. यांपैकी कोणाला खोटारडा म्हणण्याचे कारण नाही; पण त्यांचे आकडे एका स्तंभात एकाखाली एक लिहिणे हे नोंदवही ठेवणाऱ्याचे अज्ञान ठरते.

सर्वांत नाजूक प्रकरण मदतीच्या हाताचे असते. बेंच प्रेस करणाऱ्याच्या डोक्यामागे एक सोबती उभा असतो. दांडा अडकला तर तो छातीवर पडू नये म्हणून त्याने हात दांड्याखाली तयार ठेवायचे असतात आणि गरज पडली तरच लावायचे असतात. प्रत्यक्षात काय होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. वजन निम्म्या उंचीवर मंदावते, निजलेल्याच्या कोपरांना कंप सुटतो, सोबती 'तुझाच आहे, तुझाच आहे' असे ओरडत दोन्ही हातांची दोन-दोन बोटे दांड्याला लावतो आणि खांदे वर खेचतो. दांडा खुंट्यांवर टेकतो, आणि निजलेला उठून बसण्याआधीच विचारतो, 'हात नव्हता ना लावलास?' यावर 'नुसती बोटं होती' हे उत्तर इतके ठरलेले आहे की त्याला सभ्यतेचा संकेतच म्हणावे लागेल. त्या बोटांनी दोन किलो उचलले की पंधरा, हे खुद्द सोबत्यालाही सांगता येत नाही. फक्त काही वेळा दुसऱ्या दिवशी त्याचे खांदे दुखत असतात. अनुभवी प्रशिक्षक अशा प्रयत्नाची नोंद करतो, पण पीआरच्या स्तंभात नाही. यावरून होणारी नाराजी त्याला मुकाट्याने सोसावी लागते, आणि ती बहुधा उचलणाऱ्यापेक्षा सोबत्याचीच अधिक असते.

साक्षीदाराचा हा प्रश्न केवळ हौशी पातळीवरचा नाही. २०१६ साली इंग्लंडच्या एडी हॉलने लीड्स येथील स्पर्धेत ५०० किलोंची डेडलिफ्ट केली, आणि २ मे २०२० रोजी आइसलँडच्या हाफ्थोर ब्यॉर्नसनने ५०१ किलो उचलले, पण ते महासाथीच्या दिवसांत, स्वतःच्या व्यायामशाळेत. मॅग्नस वेर मॅग्नसन हा नावाजलेला माजी विजेता तेथे पंच म्हणून हजर होता आणि सारा प्रयत्न थेट प्रक्षेपित झाला. तरीही स्पर्धेबाहेर, प्रतिस्पर्धी नसताना आणि सोयीचा दिवस निवडून केलेला विक्रम विक्रम मानावा का, यावर खुद्द हॉलने जाहीर हरकत घेतली. त्या वादात कोणाचे चुकले हे ठरवण्याची येथे गरज नाही. जगातल्या सर्वांत बलवान दोघांमधला एका किलोचा फरक जर केवळ जागेच्या प्रश्नावर तंटा उभा करू शकतो, तर दोन नोकरदार मित्रांच्या १२० आणि १२५ मध्ये काय तंटे दडलेले असतील याची कल्पना त्यावरून येते.

वेशभूषेचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये कडक कापडाचे, उसळी देणारे विशेष पोशाख घालून होणारी स्पर्धा वेगळी, आणि पट्टा, मनगटाच्या पट्ट्या व गुडघ्यावरचे साधे आवरण एवढ्यावरच होणारी 'क्लासिक' किंवा 'रॉ' स्पर्धा वेगळी, असे विभाग केलेले आहेत, आणि हौशी मंडळींपैकी जवळजवळ सगळे दुसऱ्या विभागात मोडतात. औषधांचा मुद्दा मात्र सोपा नाही. कोण नैसर्गिक आणि कोण नाही हे व्यायामशाळेत कुजबुजीवर चालते, आणि कुजबुजीवरून नोंदवही लिहिता येत नाही. एवढे म्हणून तो येथे सोडून देणे बरे.

काही आकडे तर उचललेलेच नसतात, ते काढलेले असतात. जास्तीत जास्त वजन एकदाच उचलून पाहणे धोक्याचे असल्यामुळे पुष्कळ जण कमी वजन अनेकदा उचलून त्यावरून अंदाज बांधतात. यासाठी एप्ली आणि ब्रिझिकी या दोन प्रशिक्षकांची सूत्रे सर्वाधिक प्रचारात आहेत. एप्लीच्या सूत्रात जितक्या वेळा वजन उचलले त्या संख्येला ३० ने भागून त्यात १ मिळवतात आणि आलेल्या संख्येने वजनाला गुणतात. ब्रिझिकीच्या सूत्रात वजनाला ३६ ने गुणून, ३७ मधून उचलींची संख्या वजा करून आलेल्या आकड्याने भागतात. १०० किलो दहा वेळा उचलले तर दोन्ही सूत्रे १३३.३ किलो हे एकच उत्तर देतात. पण तेच १०० किलो पाच वेळा उचलले तर एप्लीचे उत्तर ११६.७ येते आणि ब्रिझिकीचे ११२.५. गंमत म्हणजे १०० किलो एकदाच उचलले तर ते १०० च ठरायला हवेत, आणि ब्रिझिकीचे सूत्र तसे सांगतेही. एप्लीचे सूत्र मात्र १०३.३ सांगते. हौशी माणूस दोन्ही सूत्रे चालवून पाहतो आणि मोठे उत्तर जवळ ठेवतो, हे वेगळे सांगायला नको. शिवाय ज्याच्या अंगात दम अधिक आहे तो त्याच वजनाच्या जास्त उचली काढतो, आणि सूत्र त्या दमाला ताकद समजून बसते. लांब पल्ल्याचे धावणे करून आलेल्या मुलांच्या बाबतीत हे इतक्या वेळा आढळते की त्यांच्या काढलेल्या पीआरला प्रत्यक्ष उचललेल्या पीआरशेजारी बसवणे योग्य नाही.

एवढे सगळे एकसारखे केल्यानंतर तुलनेचा खरा गाभा समोर येतो, तो म्हणजे शरीराचे वजन. ६० किलोंच्या मुलाने २०० किलो उचलले आणि ९० किलोंच्या गृहस्थाने २६० उचलले, तर अधिक बलवान कोण? समजा, हे आकडे भारोत्तोलनातील स्नॅच आणि क्लीन अँड जर्क यांची बेरीज आहेत. स्नॅचमध्ये दांडा जमिनीवरून एका झपाट्यात थेट डोक्यावर न्यायचा असतो, आणि क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यांपर्यंत आणून मग डोक्यावर. नुसते वजन पाहिले तर गृहस्थ ६० किलोंनी पुढे आहे. उचललेले वजन शरीराच्या वजनाने भागले तर मुलगा ३.३३ आणि गृहस्थ २.८९, म्हणजे मुलगा स्पष्टपणे सरस. पण भागाकाराची ही रीत हलक्या माणसांना नेहमीच झुकते माप देते, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि क्षेत्रफळ लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. वजन मात्र घनाप्रमाणे वाढते. म्हणून शरीर मोठे होत जाते तशी ताकद वजनाच्या प्रमाणात न वाढता वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. एम. एच. लिट्झके यांनी १९५६ साली 'सायन्स' या नियतकालिकात भारोत्तोलनाच्या विक्रमांवरून हाच संबंध दाखवून दिला होता. त्या हिशेबाने मुलाचा आकडा १३.०५ येतो आणि गृहस्थाचा १२.९५, मुलगा अजूनही पुढे, पण केसभर.

भारोत्तोलनात सर्वाधिक मानला जाणारा हिशेब कॅनडाच्या रॉय सिंक्लेअर यांचा आहे. तो १९७८ साली मांडला गेला. निरनिराळ्या वजनगटांतील जागतिक दर्जाच्या बेरजा एका वक्रावर बसवून, प्रत्येक शारीरिक वजनासाठी एक गुणक काढायचा आणि उचललेल्या बेरजेला त्याने गुणायचे. म्हणजे तीच व्यक्ती सर्वांत जड गटात असती तर साधारण किती उचलले असते याचा अंदाज येतो. हा वक्र दर ऑलिंपिक चक्रात नव्याने काढला जातो. २०१७ ते २०२० या चक्रातल्या स्थिरांकांनी ६० किलोंसाठी गुणक १.४५७ आणि ९० किलोंसाठी १.१५७ येतो, आणि त्यांनी गुणले की मुलाचे २९१ होतात व गृहस्थाचे ३०१. म्हणजे गृहस्थ पुन्हा पुढे गेला. मुलाला त्याची बरोबरी करायला २०० ऐवजी २०६ ते २०७ किलो उचलावे लागले असते. चार रीती लावल्या, दोघींनी एकाच्या बाजूने कौल दिला आणि दोघींनी दुसऱ्याच्या. व्यायामशाळेतल्या वादांत प्रत्येक पक्ष आपल्याला अनुकूल रीत उचलतो आणि तिला शास्त्र म्हणतो. पॉवरलिफ्टिंगमध्ये तर अधिकृत पातळीवरच हे घडले आहे: ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट विल्क्स यांचे सूत्र महासंघाने २०१८ अखेरपर्यंत वापरले, २०१९ मध्ये दुसरी गुणपद्धती आणली आणि २०२० मध्ये तीही बदलून तिसरी आणली. लोकांनी उचललेले वजन तेच होते, पण यादीतली त्यांची जागा बदलली.

हौशी माणसाच्या बाबतीत या सूत्रांविषयी एक मूलभूत शंका घ्यावीशी वाटते, आणि ती सूत्रांच्या गणिताविषयी नाही. सिंक्लेअरचा वक्र विजेत्यांवरून काढलेला आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नईम सुलेमानोग्लूने ६० किलोंच्या गटात ३४२.५ किलोंची बेरीज केली, ती वरच्या ६७.५ किलोंच्या गटातील सुवर्णविजेत्याच्या ३४० किलोंहूनही अधिक होती, आणि क्लीन अँड जर्कमध्ये त्याने स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त, १९० किलो, डोक्यावर नेले. हा माणूस सुमारे दीड मीटर उंचीचा होता. त्या उंचीच्या सांगाड्यावर ६० किलो म्हणजे भरगच्च स्नायू. वजनगटांच्या शिखरावरची माणसे बहुधा अशीच, आपल्या वजनाच्या मानाने बुटकी आणि भरलेली असतात. व्यायामशाळेत ६० किलोंचा म्हणून जो मुलगा येतो तो बहुधा पावणेसहा फूट उंच, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, खानावळीत जेवणारा असतो. त्याला सुलेमानोग्लूच्या वक्रावर बसवून १.४५७ ने गुणले, तर त्याच्या ताकदीविषयी फारसे कळत नाही. त्याने अजून दहा-बारा किलो वजन कमवायला हवे एवढेच कळते. उलट ९० किलोंच्या गृहस्थाच्या ९० मध्ये पोट किती आणि पाठ किती हे सूत्राला माहीत नसते; ते त्याला ९० किलोंचा विजेता समजून मोजते आणि कमी भरलेले माप त्याच्या पदरात टाकते. शिवाय हौशी माणसाचे शरीराचे वजन तरी कोणी तोलले? स्पर्धेत सुरुवातीच्या दोन तास आधी अधिकृत वजन घेतले जाते. व्यायामशाळेत ते आठवणीतून सांगितले जाते, आणि आठवणीतले वजन साधारणपणे लग्नाआधीचे असते.

वयाचीही सूत्रे आहेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये प्रौढांसाठी रूढ असलेल्या मॅककलो गुणकांप्रमाणे पन्नासाव्या वर्षी उचललेल्या वजनाला १.१३ ने आणि साठाव्या वर्षी १.३४ ने गुणतात, म्हणजे साठीच्या माणसाचे १२० किलो तरुणाच्या जवळजवळ १६१ किलोंच्या तोडीचे ठरतात. निवृत्तीनंतर व्यायाम सुरू करणाऱ्यांना यातून मोठा हुरूप येतो आणि तो योग्यही आहे, फक्त ज्याने तरुणपणी कधी दांड्याला हात लावला नाही आणि जो चाळीस वर्षे उचलत आला, त्या दोघांना हा गुणक एकच वागणूक देतो.

पीआरला तारीख असते, हे मात्र जवळजवळ कोणीच लक्षात ठेवत नाही. मीराबाई चानूने एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला. त्याच स्पर्धेत स्नॅचच्या ८६ किलोंसह तिची बेरीज २०५ झाली आणि तिला कांस्यपदक मिळाले. तीन महिन्यांनी टोकियोत तिने ८७ आणि ११५, म्हणजे २०२ किलो उचलले आणि ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवले. तीन किलो कमी उचलून पदक वरचे मिळाले, यात विसंगती नाही. त्या दिवशी इतरांनी किती उचलले यावर ते ठरले. तिच्या ताकदीचा आकडा ११९ की ११५, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच देता येत नाही, आणि जगातल्या उत्तमांपैकी एकीचे असे असेल तर आठवड्यातून तीनदा, ऑफिस सुटल्यावर, दुपारचा डबा पचलेला नसताना उचलणाऱ्याचे काय असेल! हौशी मंडळींच्या बोलण्यात मात्र पीआर वर्तमानकाळात राहतो. 'माझी डेडलिफ्ट १८०' असे म्हणणाऱ्याने ते १८० कधी उचलले होते असे विचारले तर उत्तर दोन नोकऱ्यांपूर्वीचे निघते. प्रशिक्षकाच्या नोंदवहीत म्हणूनच दोन स्तंभ ठेवणे उपयोगी पडते, आजवरचे सर्वाधिक आणि गेल्या तीन महिन्यांतले सर्वाधिक. कोणाबरोबर कोणाला व्यायामाला लावावे, कोणाला किती वजन द्यावे, हे सगळे दुसऱ्या स्तंभावरून ठरते, आणि भिंतीवरच्या फळ्यावर लोकांना लावायचा असतो तो पहिला.

स्वतःशी केलेली तुलना तरी शुद्ध असावी असे वाटते, पण तिथेही तोच माणूस राहत नाही. नवशिका पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ दर आठवड्याला अडीच किलो वाढवतो, कारण त्याच्या स्नायूंहून आधी त्याची मज्जासंस्था शिकत असते. पाच वर्षांनंतर तीच अडीच किलोंची वाढ एका वर्षाच्या कामाचे फळ असू शकते. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच व्यायामशाळांत सव्वा किलोंहून लहान चकतीच मिळत नाही, त्यामुळे वाढ होत असूनही ती दिसत नाही, आणि वाढ थांबली असे समजून माणूस व्यायामाचे वेळापत्रक बदलतो. अर्ध्या किलोच्या चार छोट्या चकत्या विकत घेणे हा यावरचा उपाय. पण त्या चढवून ८१ किलो उचलण्यात लोकांना कमीपणा वाटतो.

वाद कायमचा मिटवण्याचा जो एक मार्ग व्यायामशाळेच्या हाती असतो तो म्हणजे वर्षातून एकदा घरची स्पर्धा भरवणे: एकच दांडा, तोलून घेतलेल्या त्याच चकत्या, सकाळी सर्वांचे वजन, प्रत्येकाला प्रत्येक प्रकारात तीनच प्रयत्न, आणि बाहेरून बोलावलेला पंच. तीन प्रयत्नांची ही मर्यादा फळ्यावरच्या क्रमवारीची किती उलथापालथ करते हे पाहण्यासारखे असते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलोंच्या गटात स्नॅचमध्ये ११३ किलो उचलले, सुवर्णविजेत्या मलेशियाच्या अनिक कासदानपेक्षा सहा किलो अधिक. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ उचलल्यावर दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या कोपराला दुखापत झाली, १३९ चे दोन्ही प्रयत्न वाया गेले, कासदानने १४२ उचलले आणि २४८ विरुद्ध २४९ असा एका किलोचा निकाल लागला. व्यायामशाळेत १३९ साठी चौथा प्रयत्न, किंवा पुढल्या आठवड्याचा प्रयत्न, नेहमीच हाताशी असतो. पीआर हा अशा अगणित प्रयत्नांतला एकटा यशस्वी प्रयत्न असतो, आणि अयशस्वी प्रयत्नांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

त्यामुळे घरच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या बहुतेकांची बेरीज त्यांच्या तीन पीआरच्या बेरजेहून कमी भरते, आणि काहींची तर भरतच नाही, कारण एका प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले की एकूण बेरीज धरली जात नाही. हे टाळण्यासाठी पहिल्या प्रयत्नाचे वजन असे निवडायचे असते की जे सर्दी झालेली असताना, झोप पुरी झालेली नसतानाही निघावे. ते ठरवताना प्रशिक्षकाला नोंदवहीतल्या दुसऱ्या स्तंभाकडे पाहून उमेदवाराच्या म्हणण्यातून बरीच वजाबाकी करावी लागते. कोणी बेंच प्रेसचे १५० सांगत असेल तर पहिला प्रयत्न १३० चा, किंवा १२५ चाही, लिहून दिला जातो. याला हरकत घेणारे बहुधा तेच असतात ज्यांचे १५० सोबत्याखेरीज कोणी पाहिलेले नसते.